शिक्षक घडावा कसा? शिक्षकी पेशाकडे वळणाऱ्या महाविद्यालयीन युवक-युवतींसाठी

दहावी-बारावीचे निकाल लागले की धर्मग्रामाच्या कार्यालयात युवक-युवतींची वर्दळ वाढते. कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कुणाला शिफारसपत्र, तर कुणाला नुसताच धीर. काही वर्षांपूर्वी अशाच एका सायंकाळी एक युवती भेटावयास आली. तिने विज्ञान शाखेची पदवी चांगल्या गुणांनी मिळवली होती आणि त्यानंतर दोन वर्षांचे बी.एड. पूर्ण केले होते. महाविद्यालयात असतानाच ती रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवीत असे आणि मुलांना तिचा मोठा लळा होता. एका शाळेत तिसरीच्या वर्गासाठी शिक्षिका हवी असल्याचे कळताच तिने अर्ज केला. आपण या जागेस पात्र नाही, असे उत्तर तिला मिळाले. "फादर, बारावीनंतर पाच वर्षे शिकले, तरी तिसरीच्या मुलांना शिकवायला मी अपात्र कशी?" असे तिने विचारले तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

तिच्या प्रश्नाचे उत्तर नियमांत होते. ते तिला बारावीनंतर लगेच कुणीतरी सांगावयास हवे होते. आईवडिलांना ते ठाऊक नव्हते, शेजारच्या निवृत्त गुरुजींना त्यांच्या काळचे नियम ठाऊक होते, आणि प्रांजळपणे सांगायचे तर आम्हा धर्मगुरूंनाही ते नीट ठाऊक नव्हते. शिक्षक होण्याची इच्छा बाळगणाऱ्या आपल्या मुलामुलींची अशी फरफट पुन्हा होऊ नये, यासाठी हा लेखनप्रपंच. शिक्षक होण्याचा मार्ग कोणता, त्या मार्गावर नेमके काय शिकावे लागते आणि प्रमाणपत्राच्या पलीकडे शिक्षकाची तयारी कशी होते, याचा आपण क्रमाने विचार करू.

कोणते दार कोणत्या वर्गात उघडते?

आपल्या लहानपणी वसईच्या गावागावांत 'मास्तर' असत. सातवीची फायनल परीक्षा उत्तीर्ण व्हायचे, ट्रेनिंग कॉलेजात जायचे आणि मराठी शाळेत रुजू व्हायचे, असा त्यांचा सरळ मार्ग होता. आज इयत्तेनुसार मार्ग वेगळे झाले आहेत आणि एका मार्गाने गेलेल्यास दुसऱ्या मार्गावर सहज येता येत नाही.

पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकविण्यासाठी बारावीनंतरची दोन वर्षांची शिक्षणशास्त्र पदविका लागते. जुन्या पिढीला ती डी.एड. या नावाने परिचित आहे. तिचे आजचे नाव डी.एल.एड. असे आहे. प्रवेशासाठी बारावीला किमान ५० टक्के गुण असावेत अशी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची अट असून राखीव प्रवर्गांना तीत सवलत मिळते. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि तिच्या जोडीला डी.एल.एड. अथवा बी.एड. चालते. नववी-दहावीसाठी संबंधित विषयातील पदवी व बी.एड., तर अकरावी-बारावीसाठी पदव्युत्तर पदवी व बी.एड. आवश्यक असते.

आमच्या युवतीची अडचण नेमकी येथे होती. २०१८ साली राष्ट्रीय परिषदेने एक अधिसूचना काढून बी.एड. झालेल्यांनाही पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरविले होते. अनेकांनी तो भरवसा धरला. परंतु ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातून आलेल्या प्रकरणात ती अधिसूचना रद्दबातल ठरविली. त्यामागील विचार समजून घेण्यासारखा आहे. सहा वर्षांच्या मुलाला अक्षर आणि अंक यांची प्रथम ओळख करून देणे ही स्वतंत्र विद्या आहे. बी.एड.चा अभ्यासक्रम मोठ्या मुलांना विषय शिकविण्यासाठी आखलेला आहे, तर पदविकेचा अभ्यासक्रम लहानग्यांसाठी. 'जास्त शिकलेला तो लहान वर्गाला सहज शिकवील' ही आपली समजूत न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. निकालापूर्वी नेमणूक झालेल्या शिक्षकांना न्यायालयाने पुढे संरक्षण दिले. नव्याने येणाऱ्यांना मात्र पदविकेवाचून तो मार्ग बंद झाला.

आता एक तिसरा मार्गही खुला होत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांचा एकात्मिक अध्यापक शिक्षण कार्यक्रम पुढे आणला. बारावीनंतर विद्यार्थी थेट या कार्यक्रमात दाखल होतो आणि चार वर्षांत पदवी व बी.एड. दोन्ही मिळवितो, तीन अधिक दोन अशा पाच वर्षांतले एक वर्ष वाचते. २०२३-२४ पासून देशातील ५७ संस्थांत त्याची सुरुवात झाली. प्रवेशासाठी राष्ट्रीय पातळीवरील सामाईक परीक्षा द्यावी लागते. २०३० पर्यंत हीच शिक्षकपदासाठीची किमान पात्रता व्हावी, असे धोरणाचे उद्दिष्ट आहे. २०१५ पासून दोन वर्षांचे झालेले बी.एड. काही पदवीधरांसाठी पुन्हा एक वर्षाचे करण्याचा मसुदाही २०२५ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. नियम असे बदलत असतात. म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्यावयाचा त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. कुणाच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये.

पात्रतेच्या परीक्षा आणि नोकरीची वाट

पदविका अथवा पदवी मिळाली की शिक्षक झालो, असेही आज राहिलेले नाही. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी आवश्यक ठरली. महाराष्ट्रात ही परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेते. पहिली परीक्षा २०१३ साली झाली. पहिली ते पाचवीसाठी पहिला पेपर, सहावी ते आठवीसाठी दुसरा. प्रत्येक पेपर १५० गुणांचा. बालविकास व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास असे पहिल्या पेपरचे पाच समान भाग असतात. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांसाठी ५५ टक्के. पूर्वी या प्रमाणपत्राची मुदत सात वर्षे असे. २०२१ मध्ये ते आजीवन ग्राह्य धरण्यात आले. म्हणून शिकत असतानाच ही परीक्षा देऊन टाकणे शहाणपणाचे.

याशिवाय शासकीय व अनुदानित शाळांतील भरतीसाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी असते. २०० गुणांच्या या चाचणीत जे गुण पडतात त्यांच्या आधारे 'पवित्र' नावाच्या संगणकीय प्रणालीतून उमेदवारांची निवड होते. ही चाचणी २०१७, २०२३ आणि २०२५ अशी झाली. पहिल्या दोन चाचण्यांमध्ये पाच वर्षांहून अधिक अंतर पडले, ही गोष्ट उमेदवारांनी आणि पालकांनी लक्षात ठेवावी. संयमाची तयारी हवी आणि मधल्या काळात काय करायचे याचाही विचार आधीच केलेला असावा.

अल्पसंख्याकांच्या शाळांचा प्रश्न थोडा वेगळा आहे आणि तो आपल्या जिव्हाळ्याचा आहे. घटनेच्या ३० व्या कलमान्वये धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार आहे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शिक्षणहक्क कायदा अशा शाळांना लागू होत नाही, असा निर्णय दिला होता. १ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणासह अनेक याचिकांवर निकाल दिला. ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक वर्षे शिल्लक आहेत अशा सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांच्या आत टीईटी उत्तीर्ण व्हावे, असे त्यात म्हटले. अल्पसंख्याक शाळांना ही अट लावावी किंवा नाही, हा प्रश्न मात्र त्या पीठाने मोठ्या पीठाकडे सोपविण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला.

यावरून 'आपल्या शाळांना टीईटी लागत नाही' असे समजून स्वस्थ बसावे काय? आमच्या मते नाही. सवलत संस्थेला असते. परीक्षा उत्तीर्ण झालेला उमेदवार मात्र कोणत्याही शाळेचे दार ठोठावू शकतो. शिवाय शेजारच्या शाळेत शिक्षकाकडून जी किमान तयारी अपेक्षिली जाते, तिच्याहून कमी तयारीचा शिक्षक आपल्या मुलांना मिळावा, असे कोणता पालक म्हणेल?

वेतनाविषयीही स्पष्ट बोलावे. २००० सालापासून राज्यात शिक्षणसेवक योजना आहे. अनुदानित जागेवर नेमणूक झाली तरी पहिली तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात. हे मानधन २०२३ च्या जानेवारीपासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये झाले. त्यापूर्वी ते अनुक्रमे ६, ८ आणि ९ हजार होते. २०१२ साली शासनाने शिक्षकभरतीवर निर्बंध घातले तेव्हा डी.एड. झालेल्या हजारो युवकांच्या हाती नुसती पदविका उरली. ज्यांच्या घरी हे घडले त्यांनी धाकट्यांना या वाटेला जाऊ दिले नाही, यात नवल नाही. ही वस्तुस्थिती लपवून कुणाला 'ही सेवा आहे, या' असे बोलावणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

अध्यापक विद्यालयात काय शिकतात?

'शिकवायला काय लागते? पुस्तक उघडायचे आणि सांगायचे,' असे म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांनी एकदा एखाद्या अध्यापक महाविद्यालयात सूक्ष्म अध्यापनाचा तास पाहावा. १९६० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत आकारास आली आणि भारतात ती आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेण्यात आली. छात्राध्यापकाने एका वेळी एकच कौशल्य घ्यायचे. आज केवळ प्रश्न विचारणे, उद्या केवळ फलकलेखन, परवा केवळ उदाहरण देणे. सहा मिनिटे शिकवायचे. समोर सहाध्यायी विद्यार्थी होऊन बसतात आणि निरीक्षण करतात. पुढील सहा मिनिटे ते काय चांगले झाले, काय चुकले ते सांगतात. बारा मिनिटांत पाठाची पुन्हा आखणी, सहा मिनिटे पुन्हा शिकविणे, सहा मिनिटे पुन्हा चर्चा. छत्तीस मिनिटांच्या या चक्रात भल्याभल्यांचा अहंकार गळून पडतो. आपण प्रश्न विचारतो आणि मुलाने तोंड उघडण्यापूर्वी आपणच उत्तर देऊन टाकतो, हे त्याला तेथे प्रथमच कळते.

त्यानंतर सेतुपाठ, मग प्रत्यक्ष शाळेतील सराव पाठ. प्रत्येक पाठाचे टाचण आधी लिहावयाचे, मार्गदर्शक प्राध्यापकांकडून तपासून घ्यावयाचे, मागच्या बाकावर बसून ते निरीक्षण करीत असताना शिकवावयाचे. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये किमान वीस आठवडे शाळेत आंतरवासिता करावी लागते. परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत शाळेचे सर्व कामकाज त्यात पाहावयास मिळते: हजेरीपट, पालकसभा, शालेय पोषण आहार, वर्गात भांडणारी मुले, न बोलणारी मुले. खरा शिक्षक या वीस आठवड्यांत घडू लागतो.

हा विचार नवा नव्हे. फ्रान्समधील राँस नगरात संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल (१६५१ ते १७१९) यांनी गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा शिकविणाऱ्यांनाच शिकवावे लागेल हे त्यांच्या ध्यानी आले. १६८५ साली त्यांनी शिक्षकांसाठी प्रशिक्षणसंस्था उघडली. युरोपातील अशा प्रकारच्या आरंभीच्या संस्थांत तिची गणना होते. लॅटिनऐवजी मुलांच्या फ्रेंच भाषेतून वाचन शिकविण्याचा त्यांनी आग्रह धरला. १९५० साली पोप पायस बारावे यांनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. आपल्या महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले जोतिरावांकडून शिकल्या, आणि अध्यापनाचे धडे त्यांनी अहमदनगरला मिस फॅरार आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्याकडे घेतले. भारतातील स्त्रीशिक्षणाच्या या अग्रणीनेही शिकविण्याची विद्या रीतसर शिकून घेतली, हे आपण विसरू नये.

परंतु प्रशिक्षणाच्या नावाखाली काय चालते, तेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्रातील २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला. २०१२ साली त्याचा अहवाल आला. देशातील दहा हजारांहून अधिक स्वतंत्र अध्यापक शिक्षणसंस्थांपैकी बहुसंख्य संस्था शिक्षक घडविण्याचा गंभीर प्रयत्नही करीत नाहीत आणि पैसे घेऊन पदव्या देतात, असा त्या आयोगाचा निष्कर्ष २०२० च्या धोरणात नोंदविलेला आहे. म्हणून महाविद्यालय निवडताना चार प्रश्न अवश्य विचारावेत. राष्ट्रीय परिषदेची मान्यता चालू आहे काय? रोजची उपस्थिती खरोखर घेतली जाते काय? सराव पाठांचे निरीक्षण कोण करते? आंतरवासितेसाठी कोणत्या शाळा आहेत? 'यायची गरज नाही, फी भरा, परीक्षेला या' असे जेथे सांगितले जाईल तेथून परत फिरावे. चांगल्या संस्थेसाठी प्रवास करावा लागला तरी तो करावा. आपल्या लोकलमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, चर्चगेटला, येशूसंघीय धर्मगुरूंनी १९५३ साली स्थापन केलेली सेंट झेवियर्स इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन ही बी.एड.ची संस्था आहे. विरारहून रोज चर्चगेट गाठणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही.

आपल्याच जिल्ह्यातील कोसबाड

उत्तम प्रशिक्षण झाल्यावरही शिक्षकाला एक गोष्ट उरतेच: मूल जसे आहे तसे पाहावयास शिकणे. यासाठी आपल्याला दूर जावयास नको. आपल्या पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात ही गोष्ट घडली आहे.

ताराबाई मोडक (१८९२ ते १९७३) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले होते. इटलीतील मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला होता. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. काम यशस्वी झाले होते, पण ते शहरातील सुस्थित घरांच्या मुलांपुरते राहिले होते. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई बोर्डीला आल्या आणि त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी अनुताई वाघ (१९१० ते १९९२) त्यांना येऊन मिळाल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताईंनी पुण्यात शिक्षिकेची नोकरी केली होती. त्या तेव्हा पस्तीस वर्षांच्या होत्या.

दोघीही अनुभवी होत्या. तरी येथे त्यांना नव्याने शिकावे लागले. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतील मुले तेथे येईनात. तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. 'अंगणवाडी' हा शब्द तेथला. थोडी मोठी मुले गुरे चारावयास जात, म्हणून शाळा कुरणात गेली आणि तिला 'कुरणशाळा' नाव मिळाले. माँटेसरीची परदेशी साधने महाग होती. त्यांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पाने आणि माती आली. दशकभराने हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथे वारली मुलांमध्ये काम वाढले. त्याचबरोबर बालसेविकांना प्रशिक्षण देण्याचे कामही चालू राहिले. १९७५ साली केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा 'अंगणवाडी' हा शब्द तिच्याबरोबर देशभर गेला.

कोसबाडचे हे उदाहरण शिक्षक होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवावे. मूल शाळेत येत नाही, लक्ष देत नाही, बोलत नाही, तेव्हा 'मुलाचे काय चुकले' असे विचारण्यापूर्वी 'माझी शाळा कुठे कमी पडली' असे त्या दोघींनी विचारले.

मुलाची भाषा

वसई-विरारच्या वर्गात हा प्रश्न सर्वप्रथम भाषेच्या रूपाने समोर येतो. पश्चिम पट्ट्यातील घरांत सामवेदी, वाडवळी, कोळी बोली बोलल्या जातात. पूर्वेकडील पाड्यांवर वारली व अन्य आदिवासी बोली आहेत. औद्योगिक वसाहती आणि नव्या इमारती यांबरोबर हिंदी, भोजपुरी, गुजराती बोलणारी कुटुंबे आली. यांतील बहुतेकांची मुले मराठी किंवा इंग्रजी या 'शाळेच्या' भाषेत पहिले वाक्य शिक्षकाच्या तोंडून ऐकतात.

मी स्वतः सामवेदी बोलीच्या घरातून शाळेत गेलो. पहिलीत असताना बाईंनी चित्रातील वस्तू विचारली. मी घरचा शब्द सांगितला आणि वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझा शब्द एकदा उच्चारला, मग मराठी शब्द उच्चारला आणि दोन्ही शब्द फळ्यावर शेजारीशेजारी लिहिले. पन्नास वर्षे होत आली, पण तो फळा मला अजून दिसतो. पुढे कित्येक शाळांत मी याच्या उलटही पाहिले आहे: घरची बोली आली की टिंगल, दंड अथवा 'नीट बोल' असा दरडावणीचा सूर. असे मूल हळूहळू उत्तर देणेच सोडून देते.

याचा परिणाम आकड्यांतही दिसतो. 'असर' या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी सुमारे २७ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. कारणे अनेक असतील. पण ज्या भाषेत मूल विचार करते तिला वर्गात जागा नसणे हे त्यांपैकी एक खचित आहे.

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया जपानला गेले तेव्हा किशोरवयीन होते. तेथे त्यांनी जपानी भाषा इतकी आत्मसात केली की ते लोकांना धर्मशिक्षण देऊ लागले आणि पुढे दुभाष्याचे कामही त्यांच्याकडे आले. समोरच्याची भाषा शिकल्यावाचून त्याला काही शिकविता येत नाही, ही गोष्ट आपल्या मातीतल्या या हुतात्म्याने चारशे वर्षांपूर्वी आचरून दाखविली. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या युवकाने आपल्या वर्गात येणाऱ्या बोलींतील निदान शंभर शब्द गोळा करावेत. पोट दुखते, भूक लागली, भीती वाटते, समजले नाही, एवढे मुलाच्या भाषेत कळले तरी पुष्कळ काम होते.

आजपासून काय करता येईल?

महाविद्यालयात शिकणाऱ्या युवक-युवतींनी शिक्षक होण्याचा निर्णय घेण्यापूर्वी आपली परीक्षा स्वतः घ्यावी. रविवारचा धर्मशिक्षण वर्ग, गावातील बालवाडी, पाड्यावरील अभ्यासवर्ग, यांपैकी एका ठिकाणी निदान एक वर्ष नियमाने जावे. मुलांचा गोंगाट तुम्हाला थकवतो की त्यातून तुम्हाला हुरूप येतो, हे तेथे कळेल. रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचावे, स्वच्छ अक्षरात लिहावे. आपल्याला लहान मुले आवडतात की एखादा विषय आवडतो, हे बारावीपूर्वीच ओळखावे. लहान मुले आवडत असतील तर पदविकेचा मार्ग, विषय आवडत असेल तर पदवी व बी.एड.चा अथवा चार वर्षांच्या कार्यक्रमाचा मार्ग.

पालकांना विनंती अशी, की 'दुसरे काही जमले नाही म्हणून शिक्षक' हे वाक्य घरात उच्चारू नये. ज्याच्या हाती आपण आपले मूल सोपवितो, तो नाइलाजाने तेथे आलेला असावा असे आपल्याला वाटत नाही.

शाळा चालविणाऱ्या आम्हा सर्वांवरही जबाबदारी आहे. नवोदित शिक्षकाला पहिल्याच वर्षी सर्वांत अवघड वर्ग देऊन एकटे सोडण्याची रीत बरी नव्हे. अनुभवी शिक्षकाने वर्षभर त्याचा हात धरावा, आठवड्यातून एकदा त्याच्या वर्गात बसावे. विनाअनुदानित शाळांत तुटपुंज्या वेतनावर वर्षानुवर्षे राबविले जाणारे शिक्षक आपल्या डोळ्यांसमोर आहेत. शिक्षण ही सेवा आहे असे त्यांना सांगण्यापूर्वी, ज्याच्या त्याच्या श्रमाचे योग्य मोल देण्याविषयीची आपल्या ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण आम्ही व्यवस्थापकांनी एकदा वाचावी. आणि प्रत्येक धर्मग्रामाने निकालानंतरच्या आठवड्यात एक सभा घ्यावी: दोन सेवेतील शिक्षक, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्या वर्षीच्या माहितीपुस्तिका. दोन तासांची ही सभा एखाद्याची दोन वर्षे वाचवील.

लेखाच्या आरंभी ज्या युवतीचा उल्लेख केला ती आज काय करते, असे वाचक विचारतील. तिने टीईटीचा दुसरा पेपर दिला, पहिल्या प्रयत्नात थोड्या गुणांनी राहिली, दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाली, आणि आता सहावी-सातवीला विज्ञान शिकविते. लहानग्यांचा वर्ग तिला अजून मिळालेला नाही. रविवारच्या धर्मशिक्षणात मात्र तिने पहिलीचाच वर्ग मागून घेतला आहे. तिच्या मावशीची मुलगी गेल्या वर्षी बारावी झाली. तिलाही लहान मुलांना शिकवावयाचे होते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी या ताईने तिला समोर बसवून सर्व नियम समजावून सांगितले आणि ती डी.एल.एड.ला दाखल झाली. आपल्या धर्मग्रामात यंदा बारावी झालेली अशी मुले किती आहेत, आणि त्यांना समोर बसवून सांगणारे कोण आहे, याची चौकशी वाचकांनी येत्या रविवारी अवश्य करावी.